वळणाला टेकलेली रेषा

आधी नीट बसा. खुर्चीत, सतरंजीवर, गाडीच्या बाकावर, कुठेही चालेल; पाठ मात्र टेकलेली असू द्या. वही-पेन लागणार नाही. आज एक गणित करायचे आहे, पण उत्तरासाठी नाही. उत्तर एका ओळीत येते. बारावीला विज्ञान शाखेत गणित घेतलेल्या प्रत्येकाने ते अनेकदा काढले आहे, मीही काढले. वक्राचे समीकरण दिलेले असे. त्याचा अवकलज काढायचा, त्यात बिंदूची किंमत घालायची, स्पर्शिकेचे समीकरण लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायच्या. गुण मिळत गेले. कशाने कशाला स्पर्श केला, हे मात्र मला तेव्हा एकदाही दिसले नाही.

ते दिसावे म्हणून आज सावकाश जाऊ. वाट साधी आहे. कल्याणहून कर्जतकडे जाणारा लोहमार्ग, आणि त्यावरची उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही तीन गावे. तुम्ही तिथले असाल तर डोळे मिटूनही सगळे दिसेल. नसाल तर मी सांगेन तेवढे पुरे आहे.

एक श्वास घ्या. सोडा. निघू.

*

गाडी कल्याणहून सुटली आहे. इथे रूळ दोन दिशांना फुटतात. एक वाट शहाडवरून कसाऱ्याकडे जाते आणि आपली वाट उजवीकडे वळून विठ्ठलवाडीकडे. खिडकीजवळची जागा मिळाली आहे असे समजा.

गाडी वळू लागते तेव्हा पहिल्यांदा कशाला कळते? डोळ्यांच्या आधी अंगाला कळते. खांदा हळूच डावीकडे, वळणाच्या बाहेरच्या अंगाला झुकतो. वरच्या कड्या एका बाजूला कलतात. शेजारी डुलकी घेणारा माणूस किंचित सरकतो आणि पुन्हा सावरतो.

तो झुकाव मनात धरून ठेवा. तुम्हाला कोणी ढकललेले नाही. अंग क्षणापूर्वी ज्या दिशेने चालले होते, त्याच दिशेने सरळ पुढे जाऊ पाहत आहे. तेवढ्यात पायाखालची गाडी वळली. न्यूटनने १६८७ साली गतीचा पहिला नियम म्हणून जे मांडले, ते खांद्याला असे रोज कळते. वळणाच्या प्रत्येक जागी एक सरळ दिशा आहे. वळण त्याच जागी सुटले, तर वस्तू त्या दिशेने निघून जाईल. त्या दिशेने त्या जागेतून काढलेली रेषा म्हणजे स्पर्शिका.

आता एक अडचण पुढे येते. तिच्यापाशी थोडे थांबू.

दिशा म्हटली की दोन ठिकाणे लागतात. इथून तिथे. कल्याणहून बदलापूरला. पण आपण तर एकाच जागेची दिशा विचारत आहोत. नकाशावर या क्षणी गाडी जिथे आहे तिथे टाचणी टोचली, तर एक बारीक छिद्र उरते. त्या छिद्राकडे कितीही वेळ पाहा, गाडी कर्जतकडे निघाली आहे की कल्याणकडे परतते आहे, हेसुद्धा ते सांगणार नाही. एकट्या बिंदूला दिशा नाही. आणि तरीही खांद्याला ती कळली.

हा प्रश्न लगेच सोडवू नका. मांडीवर ठेवा आणि तसाच बरोबर घेऊन चला.

*

उल्हासनगर आले. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. पत्ता सांगताना लोक अजूनही कॅम्प नंबर सांगतात, एक ते पाच. कापडाचा व्यापार आणि शिलाई यांवर इथली कितीतरी घरे उभी राहिली. उल्हासनगरची जीन्स दूरदूरच्या बाजारांत गेली.

अशाच एखाद्या गाळ्यात, शिलाई मशीनशेजारी उभे आहोत असे समजा. कारागिरापुढे जीन्सचा पुढचा भाग आहे आणि खिशाचे तोंड शिवायचे आहे. ते तोंड गोलाईत कापलेले आहे. सुईला गोलाई येत नाही. सुईला एवढेच येते: इथे टोचायचे, मग तिथे टोचायचे. दोन टोचांमधला धागा सरळच पडतो. मग शिवून झाल्यावर खिसा गोल कसा दिसतो?

कारागिराच्या हाताकडे पाहा. सरळ शिवण होती तोवर मशीन भरधाव चालली होती. वळण आले तसा पाय हलका झाला. टाका बारीक झाला. डाव्या हाताची बोटे कापड तसूतसूने फिरवू लागली. टाका मोठा राहिला असता तर गोलाईत कोपरे दिसले असते. बारीक टाका गोलाईला धरून बसतो.

आता त्यातला एकच टाका निवडा. त्याचे एक टोक सुईने धरून ठेवले आहे. ते हलणार नाही. दुसरे टोक मनानेच मागे घ्या, शिवणीच्या वाटेवरून, सुईकडे. टाका अर्धा झाला. त्याच्याही अर्धा झाला. अजून लहान.

त्याची लांबी पाहू नका. त्याचे तोंड कोणत्या बाजूला आहे ते पाहा. मोठा होता तेव्हा ते एका दिशेला होते. लहान होताना ते थोडे फिरले. आणखी लहान झाला तेव्हा त्याहून कमी फिरले. आता फिरणे जवळजवळ थांबले आहे. टाका दिसेनासा होण्याच्या बेतात आहे, पण त्याची दिशा नाहीशी होण्याच्या बेतात नाही. ती उलट पक्की होत चालली आहे.

इथे थोडे थांबा. लांबी विरत जाते आणि दिशा उरते. वक्रावरचे दोन बिंदू जोडणारी सरळ रेघ म्हणजे जीवा. जीवेचे एक टोक दुसऱ्याकडे सरकत गेले की तिची दिशा ज्या दिशेपाशी स्थिरावते, ती त्या बिंदूतली स्पर्शिकेची दिशा. एकट्या बिंदूला दिशा नव्हती, हे खरेच आहे. त्याला ती शेजाऱ्यांकडून मिळते. आणि शेजारी जितका जवळचा, तितकी त्याची साक्ष खरी.

*

गाडी पुन्हा सुरू झाली आहे. मध्येच रुळाच्या कडेला रेल्वेचे ट्रॅकमन काम करताना दिसतात. वळण ठीक आहे की नाही हे तपासण्याची त्यांची एक जुनी रीत आहे. वळणाच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोघेजण वीस मीटरची दोरी ताणून धरतात. तिसरा नेमक्या मध्यावर, दोरी आणि रूळ यांच्यातली फट पट्टीने मोजतो. त्या फटीला रेल्वेत वर्साइन म्हणतात.

आपल्याकडे त्या फटीला याहून जुने नाव आहे. वळण म्हणजे चाप, धनुष्याचा बाक. ताणलेली दोरी म्हणजे ज्या, धनुष्याची प्रत्यंचा. आणि दोघांमधले मध्यावरचे अंतर म्हणजे शर, दोरीला लावलेला बाण. भारतीय ज्योतिषगणितात शतकानुशतके हेच शब्द चालत आले. भास्कराचार्यांनी आकाशातले वर्तुळ याच शब्दांत मोजले. खडीवर उभे राहून तीन माणसे पायाखालचे वर्तुळ त्याच तीन वस्तूंनी मोजतात.

एक वळण घेऊ, दोन अंशांचे. रेल्वेच्या हिशेबात त्याची त्रिज्या ८७५ मीटर. वीस मीटर दोरी लावली तर मधला शर ५७ मिलिमीटर भरतो, साधारण तीन बोटे. दोरी निम्मी करा, दहा मीटर. शर निम्मा होत नाही, चौथाई होतो: १४ मिलिमीटर. दोरी दोन मीटर करा, म्हणजे मूळच्या एक दशांश. शर एक शतांश होतो, अर्ध्या मिलिमीटरहून जेमतेम जास्त. पट्टीवर तो धड दिसतही नाही.

हे आकडे सावकाश पुन्हा मनात म्हणा. दोरी लहान होते, पण शर तिच्या कितीतरी आधी संपत येतो. म्हणून दोरी आणि रूळ यांची दिशा एक होते. स्पर्शिका असते याचे कारण या दोन चालींतल्या फरकात आहे.

आता जरा मोजू. घाई नाही.

रूळ सरळ आला आहे आणि एका जागी हे वळण सुरू झाले. सरळ दिशेने पुढे जे अंतर जाऊ त्याला क्ष म्हणू, आणि त्या सरळ रेषेपासून रूळ जेवढा बाजूला सरकला त्याला य म्हणू. वळणाच्या सुरुवातीच्या भागात य म्हणजे क्षचा वर्ग भागिले १७५०, कारण १७५० ही ८७५ ची दुप्पट. हे परवलय आहे, वर्तुळ नाही. पण ३५ मीटरवर दोघांमधला फरक एका मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहूनही कमी आहे. आपल्या कामाला हे पुरे.

३५ मीटर पुढे जा. ३५ चा वर्ग १२२५, त्याला १७५० ने भागा, ०.७ आले. रूळ ७० सेंटिमीटर बाजूला सरकला आहे. इथे उभे राहू. या जागी रूळ कोणत्या दिशेला चालला आहे?

शेजारी शोधू. दहा मीटर पुढे पाहा. तिथे रूळ आणखी ४५.७ सेंटिमीटर बाजूला गेला आहे. बाजूला गेलेले अंतर भागिले पुढे गेलेले अंतर, यालाच दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात रेषेचा चढ म्हणतात. या जीवेचा चढ ०.०४५७. आता एकच मीटर पुढचा शेजारी घ्या: चढ ०.०४०६. दहा सेंटिमीटर पुढचा: ०.०४००६. आता मागे वळा. दहा मीटर मागच्या शेजाऱ्याकडून चढ ०.०३४३. एक मीटर मागच्याकडून ०.०३९४. पुढून येणारे आकडे उतरत आहेत, मागून येणारे चढत आहेत, आणि दोघेही एकाच आकड्याकडे निघाले आहेत. तो आकडा तुमच्या मनात आला असेल. मोठ्याने म्हणू नका. अजून एक पायरी आहे.

शेजारी आणि आपण यांच्यातल्या अंतराला ह म्हणा. मनात एक मोह येतो: ह सरळ शून्यच करून टाकू, वाट पाहायला नको. करून पाहा. बाजूला गेलेले अंतर शून्य, पुढे गेलेले अंतर शून्य. शून्य भागिले शून्य. याचा काही अर्थ लागत नाही. शेजारीच उरला नाही, तर दिशा सांगणार कोण? घाई केली की हातात असलेलेही जाते.

म्हणून ह ला राहू द्या. लहान, पण शून्य नाही. ३५ अधिक ह याचा वर्ग करा आणि त्यातून ३५ चा वर्ग वजा करा. ७० गुणिले ह आणि ह चा वर्ग, एवढे उरते. याला १७५० ने भागले की बाजूला सरकलेले अंतर मिळते. त्याला पुन्हा ह ने भागायचे आहे, आणि ते भागता येते, कारण ह शून्य नाही. भागल्यावर उरते: ७० अधिक ह, भागिले १७५०. पाहा, ज्या ह ने छेदात बसून आपल्याला अडवले होते, तो आता वर ७० च्या शेजारी निमूट बसला आहे. आता त्याला विरू द्या. काहीच मोडत नाही. ७० भागिले १७५० राहते. ०.०४.

सगळे अवकलन या एका क्रमात आहे. आधी अंतर ठेवायचे, त्या अंतरासह सगळा हिशेब पुरा करायचा, आणि मगच अंतराला जाऊ द्यायचे. क्रम उलटला तर शून्याला शून्याने भागण्याची वेळ येते. धीर धरला तर चढ मिळतो. गणितात याला सीमा म्हणतात. मला ती धीराचीच एक रीत वाटते.

३५ च्या जागी कोणताही क्ष घेतला तरी चाल हीच राहील. चढ येईल क्ष भागिले ८७५. हा या वळणाचा अवकलज. वळणाच्या प्रत्येक बिंदूला त्याने त्याचा त्याचा चढ नेमून दिला. क्ष शून्य असेल तिथे चढ शून्य. म्हणजे वळण जिथे सुरू होते तिथे त्याची स्पर्शिका म्हणजे मागून आलेला सरळ रूळच. रेल्वेचे अभियंते सरळ रुळाला टॅन्जंट म्हणतात, ते यासाठी.

आता ती रेषा काढा. आपल्या जागेतून, ३५ मीटर पुढे आणि ०.७ मीटर बाजूला, ०.०४ चढाची. तिचे समीकरण: य बरोबर ०.०४ क्ष वजा ०.७. पंचवीस मीटर पुढे गेले की ती एक मीटर बाजूला सरकते. तिला मागे येऊ द्या. मूळच्या सरळ रेषेला ती कुठे मिळते? १७.५ मीटरवर. ३५ च्या बरोबर निम्म्यावर. तुम्ही ३५ ऐवजी २० घेतले असते तर ती १० वर मिळाली असती. परवलयाचा हा स्वभावच आहे, आणि तो प्राचीन ग्रीक भूमितिकारांनाही ठाऊक होता. आता तो तुमच्याही ओळखीचा झाला.

एक श्वास. आकडे सोडून द्या. दोरी आणि रूळ यांच्यातली विरत गेलेली फट तेवढी मनात राहू द्या.

*

अंबरनाथ. स्टेशनाच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी शिवमंदिर आहे. काळ्या पाषाणाचे. शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० मध्ये, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळी ते पूर्ण झाले, असे तिथला शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांचा जन्म त्यानंतर ५४ वर्षांनी झाला. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते. आपण अशा वेळी आलो आहोत की आवारात शांतता आहे.

मंदिर भूमिज शैलीचे आहे. शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचल्या आहेत, आणि त्या ओळींच्या मधून नक्षीचे उभे पट्टे खालून वर जातात. त्यांना लता म्हणतात. यातली एक लता निवडा. पायथ्याशी नजर टेकवा आणि ती वेल चढते तशी नजर चढू द्या.

खाली ती जवळजवळ उभी आहे. जरा वर गेल्यावर आत कलते. अजून वर गेल्यावर अजून कलते. कुठेही मोडत नाही. मनानेच एक लांब सरळ काठी घ्या आणि बाहेरून शिखराच्या त्या कडेला टेकवा. ती एका जागी टेकते; त्या जागेच्या वर आणि खाली दगड तिच्यापासून हलकेच दूर जातो. काठी वर सरकवत न्या. प्रत्येक जागी ती थोडी वेगळी कलते. ही काठी म्हणजे स्पर्शिका, आणि तिचे कलत जाणे म्हणजे अवकलजाचे बदलत जाणे.

आता नजर खाली आणा, बाहेरच्या भिंतीवर. ही भिंत कोनाकोनांनी पुढे आली आहे. दर दोन हातांवर एक कोपरा. अशा एका कोपऱ्यावर काठी टेकवून पाहा. ती डुगडुगते. डावीकडचा शेजारी एक दिशा सांगतो, उजवीकडचा दुसरी, आणि कितीही जवळ गेले तरी दोघांचे जमत नाही. कोपऱ्याला स्पर्शिका नाही. मघाशी रुळावर पुढचे आकडे आणि मागचे आकडे एकाच ठिकाणी येऊन मिळाले, ते सहज घडले असे वाटले होते. कोपरा पाहिल्यावर कळते की तो मेळ असावा लागतो.

दहावीत आपण शिकलो की वर्तुळाची स्पर्शिका त्याला एकाच बिंदूत भेटते. ते वर्तुळापुरते खरे. आपला रूळ पुढे जाऊन उलटा वळला, तर इथे टेकलेली रेषा तिथे त्याला छेदूनही जाईल, आणि तरी ती इथली स्पर्शिकाच असेल. स्पर्शिकेची पारख किती वेळा भेटली यावर होत नाही. भेटीच्या जागी दोघांची दिशा एक होती का, एवढेच पाहायचे.

पुन्हा वर पाहा, लतेच्या टोकाकडे. शिखराला आज माथा नाही. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले आणि मान वर केली तर आकाश दिसते. बाहेरून पाहताना मात्र नजर तिथे थांबत नाही. शेवटच्या दगडापाशी आल्यावर ती त्या दगडाच्या कलाने थोडी पुढे जाते. कोणी सांगितलेले नसताना तुमच्या नजरेने आत्ता स्पर्शिका काढली.

ती किती दूरवर खरी आहे? लगतच्या एका दगडापुरती जवळजवळ पुरी खरी. त्यापुढे फसवी, कारण शिखर अजून आत कलले असते आणि रेषेला कलणे ठाऊक नाही. आपल्या रुळावर हे मोजूनच पाहता येते. स्पर्शिकेवरून एक मीटर गेलात तर रूळ अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त दूर. दहा मीटर गेलात तर पावणेसहा सेंटिमीटर. शंभर मीटर गेलात तर पावणेसहा मीटर. अंतर दहापट झाले की चूक शंभरपट होते. जवळ तिच्यासारखी विश्वासाची दुसरी सरळ रेषा नाही, आणि दूर तिच्यावर विसंबू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता येतात का, ते पाहा.

*

शेवटचा टप्पा. बदलापूर. इथे घोडे बदलले जात म्हणून हे नाव पडले, असे गावातले लोक सांगतात. आपण उल्हास नदीकडे जाऊ. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून, कर्जतवरून ती इथे येते. उल्हासनगरचे नाव ज्या पाण्यावरून पडले ते हे पाणी.

दिवस पावसाळ्याचे आहेत. पुलाजवळ काही माणसे उभी आहेत. इथे २६ जुलै २००५ चा पूर लोकांच्या लक्षात आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, तेही लक्षात आहे. म्हणून पाऊस धरला की लोक नदी पाहायला येतात. नुकता आलेला माणूस आधीच्याला काय विचारतो ते ऐका. पाणी किती आहे, असे तो विचारत नाही. किती आहे ते त्याला दिसतेच आहे. तो विचारतो, "पाणी चढतंय का?"

हा अवकलजाचा प्रश्न आहे. पुस्तकातला चढ आणि नदीचे चढणे, मराठीने दोन्हींना एकच शब्द दिला तो उगीच नाही.

बदलापूरजवळ उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आहे आणि धोक्याची पातळी १७.५० मीटर. मध्ये एक मीटर. समजा, पाणी इशाऱ्याच्या खुणेला लागले आहे. तासाला दहा सेंटिमीटर चढत असेल तर धोक्याची खूण दहा तास दूर आहे. तासाला पन्नास सेंटिमीटर चढत असेल तर दोनच तास. पातळी तीच, खूण तीच. पण एका घरात लोक जेवून झोपतील आणि दुसऱ्या घरात सामान माळ्यावर चढेल. हा हिशेब करताना आपण काळाबरोबर बदलणाऱ्या पातळीच्या वक्राला या क्षणी स्पर्शिका काढली आणि ती पुढे धोक्याच्या खुणेपर्यंत नेली. आणि अंबरनाथला शिकलो ते इथे विसरायचे नाही: ही रेषा जवळच खरी आहे. वर डोंगरात पावसाचा जोर वाढला किंवा उतरला की नदीचा वक्र वळेल आणि रेषा चुकेल. म्हणून पातळी एकदा वाचून भागत नाही. ती पुन्हा वाचतात, पुन्हा पुन्हा वाचतात, आणि दर वेळी नवी रेषा काढतात.

भास्कराचार्यांपुढे नदीच्या जागी ग्रह होते. १११४ मध्ये जन्मलेल्या या माणसाने वयाच्या ३६ व्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणि' लिहिला. आज ग्रह इथे होता, उद्या तिथे असेल; दोन्हींतला फरक म्हणजे दिवसाची गती. ती जीवा झाली. त्यांनी त्याहून बारीक गती मागितली, या घटकेची. तिला त्यांनी तात्कालिक गती म्हटले. आणि त्यांच्या हेही ध्यानात आले की ग्रहाच्या स्थानात करायची दुरुस्ती जिथे सर्वांत मोठी होते, तिथे गतीतली दुरुस्ती शून्य होते. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला. तिथला शिलालेख १२०७ चा आहे. युरोपात लायब्निट्झने स्पर्शिका काढण्याची आपली रीत १६८४ मध्ये छापली.

पुलावरची माणसे भास्कराचार्यांचीच गोष्ट त्यांच्या शब्दांत सांगतात. पूर सर्वांत वर पोचतो तेव्हा ते म्हणतात, "आता पाणी थांबलंय." चढ शून्य. स्पर्शिका आडवी. पाणी अजून तेवढेच भरलेले आहे, दारांत चिखल आहे, पण आवाजातली भीती उतरलेली असते. मग कोणीतरी म्हणते, "ओसरतंय."

*

आता आपणच नदीकाठी बसू. उंच, सुरक्षित जागी. पाण्याच्या कडेला एक दगड आहे. पाणी त्याच्या अर्ध्यापर्यंत आले आहे.

त्या दगडाकडे एकदा पाहा. पाणी चढते आहे का? सांगता येत नाही. एकदाच पाहून ते कोणालाच सांगता येणार नाही. तुम्हाला नाही, मला नाही, आणि सूत्र पाठ असणाऱ्यालाही नाही. कल्याणला मांडीवर घेतलेला प्रश्न हाच होता. एका बिंदूकडे कितीही टक लावली तरी तो कुठे निघाला आहे ते कळत नाही.

म्हणून पाहा, आणि थांबा. एक श्वास आत घ्या. एक बाहेर सोडा. मग पुन्हा पाहा.

दोन पाहण्यांच्या मध्ये तुम्ही जो श्वास घेतला, तोच आपला ह. लहान, पण शून्य नाही. त्या तेवढ्या अंतरामुळे दगड काही सांगू शकेल. आज इथवर येईपर्यंत आपण दर वळणावर तो श्वास मध्ये ठेवत आलो, आणि एकदाही तो गाळला नाही.

आता पुन्हा पाहा. दगडावरची ओली रेघ मघाशी होती तिथेच आहे का?